तुलना हवी, कुस्ती नको

गाण्याची आवड असलेली दोन माणसे एकत्र आली की पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न हमखास निघतो : मोठा कोण? भीमसेन मोठे की कुमार? किशोरीताई मोठ्या की केसरबाई? मग दोन तट पडतात, आवाज चढतात, चहा गार होतो आणि शेवटी ज्याचा घसा मोठा त्याचा गायक मोठा ठरतो. या प्रकाराला कंटाळलेली काही सुज्ञ माणसे दुसऱ्या टोकाला जातात. ती म्हणतात, "थोरामोठ्यांची तुलना करू नये. आपली पायरी ओळखावी, हात जोडावेत आणि ऐकावे."

माझ्या मते हे दोन्ही पक्ष एकाच गैरसमजावर उभे आहेत. तुलना म्हणजे डावे-उजवे करणे, असे दोघेही धरून चालतात. पहिला पक्ष ते हौसेने करतो, दुसरा पाप समजून टाळतो. पण तुलनेचा अर्थ एवढाच आहे का? एकाच रागाची किंवा एकाच चिजेची दोन-तीन ध्वनिमुद्रणे शेजारी शेजारी ठेवून ऐकणे हा गाणे समजून घेण्याचा एक प्रामाणिक मार्ग आहे. ज्याच्या घरात तंबोरा नव्हता, त्याच्यासाठी तर तो जवळजवळ एकमेव मार्ग आहे. मात्र त्यासाठी निकाल लावण्याची घाई सोडली पाहिजे. माझे म्हणणे एवढेच आहे आणि ते मी उदाहरणांनी मांडते.

पाश्चात्त्य संगीताच्या रसिकांत ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने आर्थर निकिश यांच्या संचालनाखाली १९१३ साली ध्वनिमुद्रित केली. त्यानंतर तीच सिंफनी कितीतरी वाद्यवृंदांनी तबकडीवर आणली. प्रत्येक संचालकापुढे कागद तोच! एवढेच नव्हे, तर बेथोव्हेनने १८१७ साली आपल्या तोवरच्या आठ सिंफन्यांची गती मेट्रोनोमच्या, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राच्या, आकड्यांत नेमून दिली होती. पाचवीच्या पहिल्या भागाला त्याने १०८ हा आकडा दिला. तरीही टोस्कानिनी ती ताठ आणि वेगाने पुढे नेतात. फुर्टव्हेंगलर मध्येच थांबतात, ओढून धरतात आणि मग सोडतात. क्लेम्पेरर तिला दगडी इमारतीसारखी संथपणे उभी करतात. तिथला जाणता श्रोता या तिघांना नंबर देत बसत नाही. कागद एक असताना हा फरक आला कुठून, असे तो विचारतो. या प्रश्नातून त्याला सिंफनी कळू लागते.

आपल्याकडे तर कागदच नाही. चार ओळींची बंदिश, रागाचे चलन, तालाचे आवर्तन एवढे सामान घेऊन गायक बसतो आणि बाकीची इमारत आपल्यासमोर जागच्या जागी बांधतो. त्यामुळे काही जण म्हणतात की आपल्या गाण्याची तुलनाच होऊ शकत नाही. मला नेमके उलट वाटते. सिंफनी निदान कागदावर तरी पूर्ण सापडते. आपला राग मात्र कोणत्याही एका गायकाच्या गळ्यात पूर्ण सापडत नाही. एकाच गायकाचा यमन दहा वेळा ऐकला तर आपल्याला तो गायक पाठ होतो. यमन कळायला दुसऱ्याचा यमन ऐकावाच लागतो. दोन्हींत जे सारखे आहे ते रागाचे, आणि जे वेगळे आहे ते गायकाचे. ही वजाबाकी केल्याशिवाय आपण कशाला दाद देतो आहोत हेच आपल्याला कळत नाही.

पण ही वजाबाकी करण्यापूर्वी तबकडी ही काय वस्तू आहे ते पाहिले पाहिजे. कारण तबकडी म्हणजे गाण्याला बसवलेली एक चौकट आहे, आणि ती काळानुसार बदलत गेली आहे. ग्रामोफोन कंपनीचे गेसबर्ग साहेब १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. तंबोऱ्याची आस त्यात जवळजवळ येतच नसे, आणि तबल्याचा बायाँ कुठे हरवला ते समजत नसे. एका बाजूला वेळ जेमतेम तीन मिनिटांचा, मोठी तबकडी असली तर चार-साडेचार मिनिटांचा. जो राग मैफलीत तास-सव्वा तास चालायचा, तो तीन मिनिटांत आवळून बांधायचा! साहजिकच विलंबित आलापी गळून पडली, मध्य किंवा द्रुत लयीतली चीज आली आणि ताना लवकर आल्या. १९२५च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि हळुवार आवाजालाही तबकडीत जागा मिळाली. १९४८ साली लाँग प्ले तबकडी निघाली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. पुढे कॅसेट आली आणि मैफलीच्या मैफली फितीवर उतरल्या.

म्हणून १९३५ची तीन मिनिटांची तबकडी आणि १९८०ची एका तासाची मैफल शेजारी ठेवून "जुन्या लोकांना विस्तार जमत नव्हता" असे म्हणणे हा अन्याय आहे. तसेच "आजच्या लोकांत जुन्यांसारखा नेमकेपणा नाही" असे म्हणणे हाही अन्यायच. पहिल्याला जागा नव्हती आणि दुसऱ्याला घाई नव्हती. धावपटू आणि गिर्यारोहक यांना एकाच घड्याळावर मोजण्यासारखे ते आहे. तीन मिनिटांच्या तबकडीशी तीन मिनिटांची तबकडी लावावी, मैफलीशी मैफल लावावी. हा पहिला नियम.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे येऊ. जोगियातली एक प्रसिद्ध ठुमरी उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी तबकडीवर गायिली आहे. तीच ठुमरी पं. भीमसेन जोशी यांनीही गायिली आणि घराघरांत पोहोचवली. दोन्ही ध्वनिमुद्रणे आज कुणालाही सहज ऐकायला मिळतात. जोगिया हा पहाटेचा राग. त्याचे कोमल ऋषभ आणि कोमल धैवत ऐकताना काहीतरी सुटून चालले आहे असे वाटत राहते. खाँसाहेबांचा आवाज उंच, बारीक आणि टोकदार. ते स्वरावर जोर देत नाहीत, त्याला नुसता स्पर्श करतात आणि त्यावर तरंगत राहतात. भीमसेनांचा आवाज रुंद आणि घनदाट. त्याच स्वरावर ते पूर्ण श्वासाचा भार टाकतात. खाँसाहेबांच्या जोगियात माणूस एकटाच बसून स्वतःशी रडतो आहे असे वाटते. भीमसेनांच्या जोगियात तोच माणूस उठून देवाला हाक मारतो आहे असे वाटते. दुःख तेच आहे. फक्त ते सोसण्याची तऱ्हा निराळी आहे.

यात मोठा कोण? हा प्रश्न इथे किती फोल वाटतो पाहा! त्यापेक्षा दुसरा प्रश्न विचारावा : किराणा घराण्याची ही गायकी खाँसाहेबांकडून सवाई गंधर्वांकडे आणि त्यांच्याकडून भीमसेनांकडे आली, तेव्हा वाटेत काय उरले आणि काय नवे मिळाले? स्वर लावण्याची आच उरली. एकेका स्वराशी थांबून त्याला पुरता बोलू देणे उरले. आवाजाचा पोत मात्र पार बदलला आणि तानेत एक नवे बळ आले. शिष्याने गुरूची नक्कल केली नाही, वारसा घेतला. वारसा आणि नक्कल यांतला फरक व्याख्यानाने समजत नाही. तो ही दोन ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली की पाच मिनिटांत समजतो. शिवाय भीमसेनांविषयी नेहमी सांगितले जाते की लहानपणी खाँसाहेबांची तबकडी ऐकून त्यांना वेड लागले, आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात घरातून निघून गेले. म्हणजे या वारशाच्या मुळाशीच एक तबकडी आहे! "तबकडीवर ऐकलेले गाणे खरे नव्हे" असे म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

दुसरे उदाहरण भूपाचे. भूपात स्वर पाचच : सा, रे, ग, प, ध. देशकारातही तेच पाच, आणि तेही शुद्धच. मग दोन राग कसे झाले? पुस्तकात उत्तर आहे की भूपाचा वादी गंधार, देशकाराचा वादी धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. परीक्षेला हे उत्तर पुरते, पण कानाला पुरत नाही. कानाला पटवायचे तर एक भूप आणि एक देशकार पाठोपाठ ऐकावे. मग लक्षात येते की भूप गंधाराशी येऊन विसावतो, तर देशकार धैवतापासून सुरुवात करून वरच्या अंगाने फिरत राहतो. एकाच पाच माणसांच्या घरात एकदा थोरली सून कारभार पाहते आणि एकदा धाकटी. घराचे वळणच बदलते!

त्याच भूपाच्या दोन गायिका किंवा दोन गायक घेतले की पुढची पायरी येते. किशोरी आमोणकर यांचा भूप ज्यांनी ऐकला आहे त्यांना तो विसरता येत नाही. त्या गंधाराकडे इतक्या हळुवारपणे जातात की स्वर लागला कधी हे कळत नाही. किशोरीताई जयपूर घराण्याच्या. त्यांच्या मातोश्री मोगूबाई कुर्डीकर यांना प्रत्यक्ष अल्लादिया खाँसाहेबांची तालीम होती. या घराण्याची ओळख म्हणजे लयीशी घट्ट बांधलेली, एकात एक गुंतलेली, पेचदार गायकी. किशोरीताईंनी ही बांधणी भावासाठी सैल केली, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. ती टीका योग्य की अयोग्य हे मी सांगणार नाही. कारण आई आणि मुलगी दोघींची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. ज्याला मत बनवायचे त्याने दोन्ही ऐकावीत आणि बनवावे. दुसऱ्याचे मत उसने घेण्याची गरजच राहिलेली नाही, ही ध्वनिमुद्रणाने आपल्याला दिलेली केवढी मोठी मोकळीक आहे!

अशा तुलनेचे शास्त्र मराठीत आधीच झाले आहे. वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी' हे पुस्तक १९६१ साली प्रसिद्ध झाले. वामनराव व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट, पण गाणे त्यांनी एकाहून अधिक घराण्यांत शिकलेले. स्वर आणि लय ही दोन टोके धरून त्यांनी घराणी त्यांच्यामध्ये मांडली. किराणा स्वराच्या टोकाशी, आग्रा लयीच्या टोकाशी आणि जयपूर दोहोंचा तोल सांभाळणारे. त्यांचा स्वतःचा कल जयपूरकडे आहे हे वाचताना लपत नाही. पण ते कारण देतात. "मला आवडते" इथे न थांबता "का आवडते" इथपर्यंत जातात. आपल्याला त्यांचे म्हणणे पटो वा न पटो, ते खोडायचे तर आपल्यालाही कान उघडे ठेवून तेवढेच कष्ट करावे लागतात. तुलना करावी ती अशी. हा दुसरा नियम : पसंती सांगावी, पण कारणासकट सांगावी.

तिसरे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या संगीतात काही थोर माणसे अशी झाली की ज्यांचा आवाज तबकडीवर नाही. पुण्यात १९११ साली भारत गायन समाजाची स्थापना करणारे भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचे ध्वनिमुद्रण नाही. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. त्यांचेही नाही. मग हे दोघे आपल्याला कायमचे मुके झाले का? मला तसे वाटत नाही. अल्लादिया खाँसाहेबांपाशी केसरबाई केरकर शिकल्या, मोगूबाई शिकल्या. त्यांचे चिरंजीव मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले. केसरबाईंचा आवाज भरदार आणि खणखणीत, मोगूबाईंचा रेखीव, मन्सूरांचा चपळ. तीन प्रकृती, तीन कंठ. पण तिघांची ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवली की काही गोष्टी तिघांतही सापडतात. आकारात पुढे सरकणारी मध्यलय, एका फिरकीतून दुसरी फिरकी काढणारी तान, समेवर येताना घेतलेले ते अवघड वळण. तिघांनी हे एकमेकांकडून घेतलेले नाही. मग ते आले कुठून? ते त्यांच्या मागे उभ्या असलेल्या, आपण कधीही न ऐकलेल्या माणसाकडून आले. त्याच रीतीने बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांना शेजारी बसवले, तर दोघांच्या मागे भास्करबुवांची सावली हलताना दिसते.

एका तबकडीत गायक ऐकू येतो, दोन तबकड्यांत राग ऐकू येतो आणि तीन तबकड्यांत न ऐकलेला गुरू ऐकू येतो. ज्यांना तुलना म्हणजे अनादर वाटतो त्यांनी मला सांगावे, याहून मोठा आदर कोणता?

कधी कधी तर एकाच गायकाची त्याच्या स्वतःशी तुलना करावी लागते. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या तरुणपणीच्या तबकड्यांत ग्वाल्हेरची तालीम बोलते, तर उत्तरायुष्यातल्या ध्वनिमुद्रणांत जयपूरची. माणूस तोच, गुरू बदलला. कुमार गंधर्वांची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवीत. पुढे क्षयाने गाठले. १९४८ पासून देवासला कित्येक वर्षे गाणे बंद. एका फुफ्फुसाची साथ सुटली. त्यानंतरचे कुमारांचे गाणे ऐकावे. लहान लहान वाक्ये, अचानक उसळणारा तारस्वर आणि मध्ये सोडलेली बोलकी शांतता. आजारापूर्वीचे आणि नंतरचे गाणे शेजारी ठेवल्यावर "कुठले चांगले" असे विचारायला जीभ उचलत नाही. माणसाने आपली अडचण हीच आपली शैली केली, हे तिथे ऐकू येते. पुढे त्यांनी बालगंधर्वांची पदे आपल्या गळ्यातून गाऊन आपल्याला समजलेले बालगंधर्व लोकांपुढे मांडले. तुलनेचा याहून थोर प्रयोग मला तरी माहीत नाही. नक्कल करणाऱ्या मुलाचा समजून सांगणारा कलावंत झाला होता.

याउलट तुलनेची कुस्ती झाली की काय होते हे आपल्या रंगभूमीने फार पूर्वी दाखवले आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ साली आले. संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांड्यांची. त्यात एकच पद दोन निराळ्या चालींत येते, दोन घराण्यांची दोन वळणे म्हणून. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला दोन्ही आवडतात, दोन्हींना टाळी पडते. पण नाटकातल्या माणसांना एकाला जिंकवायचे आणि दुसऱ्याला हरवायचे आहे, म्हणून तिथे घरे उद्ध्वस्त होतात. मला तर त्या नाटकाचे सार हेच वाटते : प्रेक्षकाला जे साधले ते दरबाराला साधले नाही.

आता दोन आक्षेप. पहिला, "प्रत्यक्ष मैफलीवाचून गाणे कळत नाही." यात तथ्य आहे. मैफलीत गायक आणि श्रोता यांच्यामध्ये जे घडते ते तबकडीत उतरत नाही. तबकडी शंभर वेळा लावली तरी तीच तान त्याच जागी येते, आणि हळूहळू आपल्याला वाटू लागते की राग असाच असतो. हा धोका खरा आहे. पण त्यावरचा उपायही तुलनाच आहे! दुसरी, तिसरी तबकडी लावली की पहिलीची सक्ती सुटते. शिवाय सगळ्यांना मैफल कुठे परवडते? सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात महोत्सव भरतो, आणि तो आपल्या शहराचा मोठा अभिमान आहे. पण डिसेंबरच्या थंडीत मुकुंदनगरहून रात्री वारज्याला परत यायचे म्हणजे आमच्यासारख्या मुलींच्या घरी आधी परवानगीची मैफल रंगते! त्यातून २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर उघड्या मैदानावरच्या रात्रभराच्या बैठकी संपल्या. मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेचे राग त्यांच्या वेळेला आता ऐकायचे तर बहुतेकांना ध्वनिमुद्रणाचाच आधार. आणि जे गेले त्यांचे काय? भीमसेन २०११ साली गेले, किशोरीताई २०१७ साली, प्रभाताई अत्रे २०२४ साली. आमच्या पिढीने त्यांना ऐकायचे ते ध्वनिमुद्रणातच.

दुसरा आक्षेप तोंडाने फारसे कुणी बोलत नाही, पण नजरेने सगळे बोलतात : "तुम्हाला यातले काय कळते?" माझ्या घरी कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आमच्याकडे गाणे म्हणजे देवळातले भजन आणि लग्नातला बँड. शास्त्रीय संगीताशी ओळख झाली तीही भीमसेनांच्या अभंगांच्या वाटेने. अशा माणसाने जोगियाविषयी मत द्यावे का? मी म्हणते, द्यावे. पण ऐकून द्यावे. केशवराव भोळे यांनी गायकांवर मर्मग्राही लेख लिहिले ते 'एकलव्य' या टोपणनावाने. हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याला गुरूच्या दारात प्रवेश नाही, त्याच्यासाठी मातीची मूर्ती असते. आमच्यासाठी तबकडी आहे. फरक एवढाच की कुणी अंगठा मागितला तर आम्ही देणार नाही!

हे सगळे आज लिहिण्याचे कारण असे की कधी नव्हे इतके गाणे आज खिशात आले आहे आणि कधी नव्हे इतके कमी ऐकले जात आहे. शंभर वर्षांपूर्वी तीन मिनिटांची अडचण होती. आज अडचण काहीच नाही, तरी आपण अर्ध्या मिनिटाची एक तान ऐकतो आणि अंगठ्याने पुढे ढकलतो. गाण्याखाली पसंतीचे आकडे असतात, आणि ज्याचा आकडा मोठा तो गायक मोठा, अशी नवी कुस्ती सुरू झाली आहे. पूर्वीच्या कुस्तीत निदान भांडणाऱ्यांनी गाणे ऐकलेले असे! त्यात जुन्या तबकड्या पुन्हा उतरवताना फिरण्याची गती चुकली तर स्वर चढतो किंवा उतरतो, आवाजाचा पोत बदलतो. कधी नाव एकाचे आणि गाणे दुसऱ्याचे असते. म्हणून तिसरा नियम : ऐकतो आहोत ते कोणाचे, कधीचे आणि कशावरून उतरवलेले, हे तपासल्याशिवाय मत देऊ नये. जुन्या तबकड्या जमवून त्यांची सनवार नोंद ठेवणारे संग्राहक आपल्याकडे आहेत. त्यांचे हे न दिसणारे काम गायकाच्या कामाइतकेच मोलाचे आहे.

यावर आपल्या महाविद्यालयात काही करता येईल का? मला एक साधी गोष्ट सुचते. पंधरवड्यातून एकदा, तास संपल्यावर, एका खोलीत जमावे. एक राग ठरवावा. त्याची दोन किंवा तीन ध्वनिमुद्रणे लावावीत, पण गायकांची नावे आधी सांगू नयेत. नाव कळले की कान मिटतात आणि भक्ती सुरू होते, म्हणून नाव शेवटी. ऐकून झाल्यावर प्रत्येकाने तीनच प्रश्नांची उत्तरे द्यावीत : दोन्हींत सारखे काय होते? वेगळे काय होते? आणि तो वेगळेपणा कशामुळे आला असावा : गळ्यामुळे, घराण्यामुळे, वयामुळे की तबकडीच्या मापामुळे? मतदान घेऊ नये, क्रमांक लावू नये. प्राध्यापकांनीही आमच्यातलेच एक होऊन बसावे आणि त्यांनाही नाव ओळखता आले नाही तर आम्ही हसणार नाही. याला खर्च नाही, अनुदान नाही, उद्घाटनाचा नारळ नाही. लागतो तो एक तास आणि थोडा धीर.

हा धीर गाण्यापुरताच उपयोगी आहे असेही नाही. दोन कविता, दोन इतिहासकार, दोन नेते, दोन धर्म समोर आले की आपण लगेच विचारतो, "श्रेष्ठ कोण?" आणि काठ्या उचलतो. दोन माणसांचा जोगिया कान देऊन ऐकलेल्या माणसाला ही काठी उचलायला थोडा वेळ लागेल. कारण एकच गोष्ट दोन प्रकारे खरी असू शकते, हे त्याने वाचलेले नसते, ऐकलेले असते.

गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाईंची भैरवी १९७७च्या सप्टेंबरात व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. त्याच महिन्यात केसरबाई गेल्या. त्या यानात ठेवलेल्या तबकडीवर क्लेम्पेरर यांच्या संचालनाखाली वाजवलेला बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भागही आहे. भैरवी साडेतीन मिनिटांची, सिंफनी सात मिनिटांहून अधिक लांबीची. ती निवडणाऱ्यांनी मोठे कोण हे ठरवले नाही. पृथ्वीवरची माणसे अशीही गातात आणि अशीही वाजवतात, एवढेच त्यांना सांगायचे होते. एवढ्या दूरच्या अपरिचित श्रोत्यावर आपण जर इतका विश्वास टाकला, तर वारज्यातल्या एका बाकावर बसलेल्या श्रोत्यावर तो टाकायला काय हरकत आहे?